रिकाम्या बसचा बंदोबस्त

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ८.१०
अक्कलकोट रोड. माझ्या तोंडावर धूळ उडवून सरकारी बस गेली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक कोंबडी. माझ्या टॅक्सच्या पैशांवर कोंबडी फिरते! विमा ऑफिसात जन्मभर ऑडिट केलं. आता या राज्याचं करते.

मंगळवार, ७ जानेवारी
योजना तयार. रिकाम्या फेऱ्या बंद, वाचलेल्या पैशांतून इलेक्ट्रिक बस. मंत्र्यांना सुचलं नाही ते दीड पानात बसलं. स्वयंपाकाच्या महानंदाला वाचून दाखवलं. चपाती लाटता लाटता म्हणाली, "बाई, ती माझीच बस की! येताना पाय ठेवायला जागा न्हाय. आमाला हितं सोडून माघारी मोकळीच जाणार. सकाळच्या पारी शेरातनं खेड्यात कोण जातंय, कोंबडीशिवाय?"
हिला डेटा काय कळणार. तक्रार स्पीड पोस्टाने बस डेपोला रवाना.

सोमवार, २० जानेवारी
उत्तर नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मारिया विचारलेल्याचं उत्तर पूर्ण वाक्यात मागायच्या. डेपोत तेवढं शिकलेलं कोणी दिसत नाही. आजपासून रोज एक तक्रार.
मोतीबिंदूचं ऑपरेशन १२ फेब्रुवारीला ठरलं. सोबत माणूस नसेल तर करणार नाही, म्हणाले डॉक्टर. महानंदा आहेच.

शनिवार, १ फेब्रुवारी
विजय! फेरी आजपासून बंद. डेपो मॅनेजर फोनवर म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. पेढे आणले.
महानंदा आली नाही. ऐन वेळी दांडी!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आजही नाही. फोन केला. रिक्षाला पगार पुरत नाही म्हणे. ऑपरेशनच्या दिवशी तरी ये म्हटलं, तर म्हणाली, "कशानं येऊ, उडत? गावातल्या बायका लई तापल्यात. तक्रार कुणी केली, विचारतायत. मी अजून सांगितलं न्हाय. सांगू का, बाई?"
रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
स्वावलंबन. डोळ्यात थेंब घालण्याचा सराव केला. दोन कानात गेले, एक पेढ्यावर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
डेपोला पाठवायचा मजकूर:
चौकशी न करता लोकांची बस बंद करणाऱ्या बेजबाबदार अधिकाऱ्याचं नाव कळवावं. फेरी ताबडतोब सुरू करावी. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं. लेखी उत्तर मंगळवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मिळालंच पाहिजे. बुधवारी डोळ्याला पट्टी बांधतील, आणि वाचून दाखवायला घरात कोणी नाही.