एका अक्षराची खाडाखोड

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचा, आता निवृत्त, छापखान्यात ज्याला सगळे उलटराव म्हणत तोच, हा लेख माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसतं, पण खिळ्यावरचं उलटं अक्षर अजूनही सुलट्याआधी वाचतो. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. गोड बोलायला हल्ली फारसं कोणी येतही नाही. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते केलं तेव्हा माझा शाळासोबती मास्तर जिवंत होता, आणि त्यात मी एक गोष्ट झाकून ठेवली होती.

कलम १. इस्त्रीच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या मुलाला मिळाव्यात. तो त्या विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकाव्यात. खिडकीजवळच्या भिंतीवर तो लहान असताना मी रोज शाळेतल्या कवितेचं एक कडवं खडूने लिहीत असे, आणि ते पाठ झाल्याशिवाय त्याला खेळायला सोडत नसे. मोठा झाल्यावर पहिल्या पगारात त्याने त्या भिंतीला फिकट हिरवा रंग दिला. मला विचारलं नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "बाबा, भिंत आहे ती, वही नाही." त्याचं बरोबर असेल. तरी त्या रंगाबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सुनेला द्यावं, मुलाला नाही. ती मला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि छपाईची चूक आली की थांबून म्हणते, "घ्या, तुमचं गिऱ्हाईक आलं." या घरात माझा धंदा तिलाच कळला.

कलम ३. शालेय कवितांची पाच पुस्तकं, कोपरे दुमडलेली, नातीला. पाठ करायची सक्ती नाही.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याच्या मालकाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याच्या वारसांना परत करावं. ते तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. दुरुस्त न करता परत करावं.

कलम ५. आता मास्तर. तो आणि मी एका बाकावर शिकलो. दोघांनाही कवितेचं वेड. वर्गात चालीवर म्हणायची वेळ आली की तो उभा राहायचा आणि मी खाली बसून मात्रा मोजायचो. पुढे तो शाळेत शिकवू लागला, मी छापखान्यात खिळे जुळवू लागलो. तो ख्रिस्ती, नियमाने उपासनेला जाणारा. माझी श्रद्धा विचाराल तर ती मूळ प्रतीवर. लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते तसंच जुळवायचं, काना नाही की मात्रा नाही. दुसरा देव मी ठेवला नाही.

त्याच्या चर्चच्या मंडळीचं गीतपुस्तक आमच्याकडे छपाईला आलं. त्यात त्याने लिहिलेलं एक गीत होतं. त्याच्या अक्षरात ओळ अशी: "तुझ्या दारी मज वाट करी रे, अंधार आला दाटून." मी खिळे रचायची स्टिक हातात धरून बराच वेळ बसलो. दारापर्यंत पोचलेल्याला वाट कशाला हवी? अंधारात हवी असते ती वात. मात्रा तेवढ्याच. खिळ्यांच्या खणात ट च्या घरातून हात काढला आणि त च्या घरात घातला.

पुस्तकं बांधून झाल्यावर ते मास्तरच्या लक्षात आलं. तो तडक मालकाकडे गेला, माझ्याकडे आला नाही. मालकाने मला बोलावून विचारलं. मी म्हणालो, चूक झाली. कारण चुकणाऱ्या जुळाऱ्याला दुसरं टेबल मिळतं. लिहिणाऱ्याचा शब्द बदलणाऱ्याला कुठल्याच छापखान्यात टेबल मिळत नाही. मला बांधणीखात्यात बसवलं. पुढची बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी जुळवलेले कागद दुमडले.

आणि मंडळी वात गाऊ लागली. त्या ओळीला मेणबत्त्या पेटवायची पद्धत पडली. मास्तरने कोणाला कधी सांगितलं नाही की शब्द त्याचा नाही. एकदा मात्र बांधणीखात्याच्या दारात उभा राहून, डिंकाच्या वासाने नाक दाबून, तो मला म्हणाला, "चूक चांगली झाली रे तुझ्या हातून." माझ्या कवितेचं आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच.

कलम ६. मास्तरच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेला मी गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. हातात छापील पत्रिका दिली, तिच्यात पहिल्याच ओळीत "स्मरणर्थ". पेन्सिल खिशात होतीच. पाळकसाहेबांचं सगळं प्रवचन त्या वातीवर झालं. स्वतः जळून दुसऱ्याला दार दाखवणं हाच या माणसाचा विश्वास आणि हाच त्याचा वारसा, असं ते म्हणाले. मग दिवे मालवले, आणि तीनशे माणसं मेणबत्त्या हातात धरून माझा एक खिळा गाऊ लागली. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला, आणि मास्तर किती मोठे होते ते सांगितलं.

माझी दुरुस्त केलेली पत्रिका मास्तरच्या मुलीच्या हाती पडली. दोन दिवसांनी ती घरी आली. थडग्याच्या दगडावर कोरायचा मजकूर घेऊन आली होती, मी नजर घालावी म्हणून. त्यात ती ओळ होती, वात. ती म्हणाली, "काका, बाबा म्हणायचे, जन्मात एकच ओळ जमली."

तेवढं ती बोलली नसती तर मी कागद तसाच परत दिला असता. पत्र्याच्या पेटीतून मी छापखान्यात आलेली मास्तरच्या हातची जुनी प्रत काढली आणि तिच्यासमोर ठेवली. बापाचं अक्षर तिने ओळखलं. वाट या शब्दावर बोट ठेवलं. मग विचारलं, "आणि वात कुठून आली?"

या एका प्रश्नासाठी मी जन्मभर थांबलो होतो. मी म्हणालो, "चूक झाली होती, बाळ."

तिने कागदाची घडी केली. म्हणाली, "मग दगडावर बाबांचंच असू दे." आणि वाट कोरायला सांगितलं. हे मलाही हवं होतं, हे कबूल करतो. मास्तरला त्याचा शब्द, आणि तोच कायमचा. दगड बसला. पाहायला गेलो तेव्हा लोक पाथरवटाला बोलत होते, की एवढी प्रसिद्ध ओळ आणि हा चुकला. पाळकसाहेब त्याला समजुतीने म्हणत होते, होतं असं कधी कधी. तो माणूस मान खाली घालून उभा होता. मास्तरची मुलगी तिथे नव्हती. मी होतो. मी काही बोललो नाही.

म्हणून: मास्तरच्या हातची मूळ प्रत त्याच्या मुलीला द्यावी, आणि तिच्याबरोबर हे कलमही. मी तिला खोटं सांगितलं. वात ही माझी सुधारणा होती. बापाच्या दगडाचं तिने हवं ते करावं; ओळ मात्र माझी आहे.

कलम ७. माझं भिंग पाथरवटाला द्यावं, आणि त्याने बरोबर कोरलं होतं हे कोणीतरी चारचौघांत मोठ्याने सांगावं. मुलाने सांगावं. भिंतीचा हिशेब त्यात फिटेल.

कलम ८. माझ्यामागे सभा नको, प्रवचन नको, पत्रिका तर मुळीच नको. त च्या घरातला तो एक खिळा पेटीत कापसात गुंडाळून ठेवला आहे. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात राहू द्यावा. रविवारी मंडळी वात गातेच.

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला. याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "आजोबा, फार मनाला लावून घेता तुम्ही." तरी सही केली.
२. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. यांनी वाचलं नाही, फक्त सही केली.

स्थळ: माझी खोली, हिरव्या भिंतीसमोर.
तारीख: दगड बसल्यापासून अकरावा दिवस.

खाडाखोडीबाबत: या लेखात एकच खाडाखोड आहे. कलम ६ मध्ये, शेवटून दुसऱ्या वाक्यात, "चूक" हा शब्द लिहिला गेला होता. सवयीने. तो खोडून वर "सुधारणा" लिहिलं आहे. ती खाडाखोड माझीच असून मी ती पूर्ण शुद्धीत, समजून उमजून केली आहे. शेजारी दोन्ही साक्षीदारांच्या सह्या आणि माझी सही आहे.

(सही)
उलटराव