अंगठा टेकला त्याची गोष्ट

रेंती मावशी, पाया पडते. तुझे गुडघे कसे आहेत? मी चार रात्री झोपले नाही. पोर रडतं म्हणून नव्हे, ते छान घोरतं. मीच त्याच्या डाव्या पायाचा अंगठा धरून बसते. (वाचून दाखवणाऱ्यानं इथून हळू वाचावं, शेजारीण ऐकेल.)

सासूबाई राजवाड्यासमोरच्या बाजारात पूजेची फुलं विकतात, तुला माहीत आहे. त्या दिवशी उन्हानं पोर किरकिरलं तर म्हणाल्या, "राजवाड्यात जाऊन बस, गार आहे. आणि एकशेपाच दिवस भरेपर्यंत त्याचे पाय भुईला लावू नकोस, सहाच राहिलेत." जसं काय मला माहीतच नाही. तीन महिने हात मोडून घेतेय.

आत न्यायाच्या मंडपात वर बघितलं आणि घामच फुटला. छतभर नरकाची चित्रं. एका बाईच्या छातीला ही एवढी अळी चिकटलेली. तिथले राखणदार सुतेजा आजोबा म्हणाले, "पोराला अंगावर न पाजणारी ती." मी आठवडाभर डब्याचं पाजतेय गं. माझा चेहरा बघून म्हातारा हसायला लागला. "राजानं एवढं छत तुझ्या एका डब्यासाठी रंगवलं होय?"

तरी मी पळाले, पूल ओलांडून थेट तळ्यातल्या मंडपात. तिथं छतावर गोष्टीतली अठरा पोरांची आई रंगवलेली. अंगाखांद्यावर पोरंच पोरं, एक तर केसाला लोंबतंय. (आणि मी एकात दमते.) इतकं हसू आलं की तुझ्यासाठी फोटो काढायला गेले. झोळीची गाठ सुटली, पोर घसरलं. दोन्ही हातांनी धरलं, फोन कमळांत गेला, आणि अंगठा फरशीला टेकला. मुंगी बसावी एवढाच.

म्हातारा मागोमाग आलाच होता. त्याला विचारलं, "आजोबा, ही भुई धरायची का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "खाली पाणी, त्यात दगड, वर फरशी. भुई कुठाय? पण सासूला विचारू नकोस."

त्या शेवटच्या बोलण्यानंच माझी झोप गेली. पोर बरं आहे. काल एकदा शिंकलं, मी देवापुढं दोनदा फुलं ठेवली. परवा पाय पहिल्यांदा भुईला टेकवायचा विधी आहे. पुजारी विचारतील, पाय टेकला का, तर काय सांगू?

तुझी,
सारिनी

ता. क. पत्र मिनीबसवाल्याच्या हाती देतेय. सासूबाईंना काही बोलू नकोस.

आणखी ता. क. आई म्हणायची, मी तान्ही असताना सुआर्ताना दादानं बदक धरायच्या नादात मला बांधावर टाकलं होतं. कितव्या दिवशी, ते आता त्यालाच ठाऊक. त्याचा नंबर तळ्यात गेला, पण तुझ्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला आहे. हे वाचणारं जे कोणी असेल त्यानं आधी दादाला फोन करून विचारावं, आणि निरोप आजोबांच्या फोनवर द्यावा, तो नंबर या पत्राच्या मागच्या बाजूला आहे. एकशेपाचच्या आतलं निघालं तर मी धडधाकट आहेच की, मग मी झोपते. नंतरचं निघालं, तर दादाला म्हणावं, आतलंच सांग.