कापसानं कोंडलेली जाळी

अण्णा, रोजचा हिशेब लिहून झाला आणि पानाची मागची बाजू कोरी राहिली, म्हणून लिहिते आहे. धाडायचं तर तुमचं ठिकाण नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आता तरी मधेच मला गप्प करता यायचं नाही.

बदनापूरच्या अलीकडचा तो रस्ता अजून डोळ्यासमोर येतो. निजामाचं राज्य. मी उर्दूतून मॅट्रिक झालेली, आणि तुम्ही मला जालन्याहून औरंगाबादेला कॉलेजात नाव घालायला नेताय. "घरची मोटर असताना रेल्वेच्या तिकिटाचा खर्चा कशाला?" म्हणालात. घरची मोटर म्हणजे हंगामभर जिनिंगच्या आवारात कापूस वाहणारी ती जुनी लॉरी. इंजिन तापलं, रेडिएटरच्या तोंडातून वाफ फुसफुसायला लागली. तुम्ही थांबलात, गार होऊ दिलं, पाणी ओतलं. थोडं पुढं गेलो की पुन्हा तेच. एक टांगेवाला घोडा थांबवून हसला, "क्या सेठ, रस्ते पे चाय उबाल रहे क्या?" तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

मी खाली उतरले. पाणी भरलेलं, गळती कुठंच नाही, पंख्याचा पट्टा घट्ट. तरी तापतंय कशानं? इंजिन चालूच होतं. मी रेडिएटरच्या जाळीसमोर पदर धरला. आत पंखा गरगर फिरतोय. त्याच्या ओढीनं पदर जाळीला चिकटायला हवा, तर तो जागचा हलत नाही. वाकून बघते तो फटीफटींतून कापसाची तुसं, धूळ आणि तेल मिळून गच्च बसलेलं. "अण्णा, पाणी कमी न्हाई, वारा कोंडलाय. जाळी साफ करा." तुम्ही आधी टांगेवाल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पदर सांभाळ. चारचौघांत इंजिनात डोकं घालून राह्यलीस! तू पुढं शिकावं हे देवाच्याच मनात न्हाई. चल माघारी."

ऊन उतरल्यावर रखडत जालन्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. खिडकीतून बघते तर तुम्ही अंगणात लॉरीपुढं उकिडवे बसून खराट्याच्या काडीनं जाळीतला कापूस उकरताय. मला वाटलं, आता हाक माराल. पिठाच्या हातानंच बाहेर आले. "अण्णा, मंग निघायचं?" तुम्ही मान वर केली नाही. "देवानं एकदा माघारी फिरवलं. त्या कामाला पुन्हा निघायचं न्हाई." आईनं मागून माझा दंड धरला, "चल गं, तवा तापलाय." त्याच लॉरीतून दिवाळीनंतर तुम्ही माझ्यासाठी स्थळ बघायला औरंगाबादेला गेलात. वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही, हे आल्यावर किती कौतुकानं सांगितलंत!

संसार बरा झाला. त्याबद्दल बिलकुल तक्रार नाही. पण कुणी विचारलं, "पुढं का नाही शिकलात?" की माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं, "देवाच्या मनात नव्हतं." घरी येऊन देवापुढं दिवा लावते आणि त्याची क्षमा मागते. जाळी कोंडली असेल त्यानं, पण ती मोकळी करायची काडीही त्यानंच तुमच्या हाती दिली होती ना? मला परत फिरवलं ते तुम्ही, आणि नाव त्याचं घेतलंत. पितृपक्षात तुमच्या नावानं पान वाढते, खीर करते, सगळं बराबर करते. माफ मात्र करत नाही. खरं सांगायचं तर, तुम्हाला माफ केलं की मला देवावर रागवावं लागेल, आणि या वयात तेवढं धैर्य माझ्यात नाही.