कोटाचा मागचा पट्टा

आबा, माझ्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलेली थाई मुलगी आता हॅम्बर्गमधल्या एका ऑर्केस्ट्राची मुख्य कंडक्टर झाली आहे. तुमच्या भाषेत बँडमास्तर. समोर ऐंशी वादक आणि त्यांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणारी ही एवढीशी पोर. स्वतः काहीच वाजवत नाही. "मग पगार कशाचा देतात?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी असल्या वेळी तुमचा आवाज आधी ऐकू येतो.

ती स्टुटगार्टला संगीत शिकायला आली तेव्हा हे नुकतेच गेले होते आणि लेक नोकरीला म्युनिकला होती. खोली दिली ती खरं तर घरात कुणाच्या तरी चपला वाजाव्यात म्हणून. मला 'पा' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या मावशीला तसं म्हणतात. स्वयंपाकघर ऐसपैस, म्हणून सराव तिथेच. माझ्या पोह्यांच्या चाळणीशेजारी स्वरलिपीची वही उघडायची, कानात गाणं लावायची आणि हात हलवत मागे मागे सरकायची. एकदा अशीच उघड्या ओव्हनकडे निघाली. मी मागून तिच्या शर्टाला दोन बोटांनी हिसका दिला. ती जागच्या जागी थांबली. "पा, हे तुम्ही कुठे शिकलात?" म्हणाली, शाळेच्या बँडमध्ये तिचे सर भर उन्हात मुलांकडे तोंड करून उलटे चालायचे, ती पहिलं संगीत त्यांच्याकडेच शिकली. "तुमच्याकडे असतं असं काही?" मी म्हणाले, "छे, आमच्याकडे असलं काही नसतं," आणि फोडणीकडे वळले.

आणि बार्शीच्या रस्त्यावर तुम्ही आयुष्यभर उलटेच चाललात. वरातीपुढे बँड, बँडपुढे तुम्ही, तोंडाला कॉर्नेट, डावा हात इशाऱ्याला. तुमच्या मागे मी, नऊ वर्षांची, तुमच्या लाल कोटाचा मागचा पट्टा मुठीत धरून. एक हिसका म्हणजे खड्डा, दोन म्हणजे वळण. "हे माझे पाठीमागचे डोळे," असं तुम्ही नवऱ्या मुलाच्या मामालासुद्धा ऐकवायचात आणि मी फुगायचे. त्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला होता. ऐन दुपार. किराणा दुकानाच्या पायरीवर माझ्या वर्गातल्या तिघी उभ्या होत्या. एकीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिघी हसल्या. मी पट्टा सोडला. दोन्ही हात मागे घेऊन, जणू माझा या बँडशी काही संबंधच नाही अशी चालू लागले. पुढे उघडी गटार होती हे मला दिसत होतं, आबा.

तुम्ही पाठीवर पडलात आणि कॉर्नेट तोंडावर आदळली. पुढचे दोन दात गेले, फुंक कायमची गेली. तोंडाला रुमाल लावून तुम्ही जमलेल्यांना सांगितलंत, "पट्टाच उसवला हो कोटाचा. पोरीच्या हातात काय राहणार?" त्यानंतर कॉर्नेट दुसऱ्याकडे गेली आणि तुम्ही शेवटच्या रांगेत झांज वाजवू लागलात. दुसऱ्या दिवशी आईने तो कोट धुऊन दोरीवर घातला. मी खाली उभी राहून बघत राहिले. पट्टा जागच्या जागी होता, एक टाका निघाला नव्हता.

गेल्या रविवारी तिच्या पहिल्या कार्यक्रमाला हॅम्बर्गला गेले. पावसात भिजून पोचले. कंडक्टरच्या चौथऱ्याला मागे पितळी कठडा असतो, मागे जाताना पडू नये म्हणून. तेवढ्यासाठी कठडा करतात ही माणसं! कार्यक्रमभर मी कठड्याकडेच बघत होते, संगीत फारसं ऐकलंच नाही. नंतर सगळ्यांसमोर तिने माझ्यापुढे हात जोडले, खाली वाकली आणि म्हणाली, "ह्या माझ्या पाठीशी असायच्या. ह्यांनी मला कधी पडू दिलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी फक्त "डांके, डांके" म्हणत आभार मानत राहिले.

घरी आले तर वरची खोली गप्प. लेकीला फोन लावला. ती जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत, चालतं आमचं. तिला तुम्ही फोटोतले झांजवाले आजोबा म्हणूनच माहीत. मी म्हणाले, "आजोबा आधी कॉर्नेट वाजवायचे. मास्तर होते बँडचे."

"एश्ट, ममा? खरंच? मग झांज का?"

"पडले एकदा. दात गेले."

"वारुम? का पण? कसे पडले?"

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. ती वाट बघत होती. आणि मी म्हणाले, "कोटाचा पट्टा उसवला होता."

तो कोट माझ्याकडेच आहे. तुम्ही गेल्यावर आईकडे मी तेवढाच मागितला होता. तुम्हाला लिहिलेले हे कागद आता त्याच्याच खिशात घालून ठेवते आहे. पट्टा ओढून बघितला, आबा. अजून पक्का आहे.