मंगळासाठी झाडलेला राब

प्रिय मामा,

आजवर तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी तुम्हाला काही ना काही दुरुस्ती सुचवली. या पत्रात दुरुस्ती माझी आहे, आणि ते ऐकायला तुम्ही नाही.

तुमचे तेरावे करून काल पुण्यास परतले. मेजावर एका मासिकासाठी लिहिलेला लेख तयार आहे: आपल्या मुळशीत चित्रित झालेल्या त्या मंगळावरच्या मारधाडपटाच्या पडद्यामागच्या गमती. चित्रपटाची शास्त्रीय सल्लागार मी, तेव्हा अधिकारही माझाच. त्यात एकही चूक नाही, असे परवापर्यंत मी शपथेवर सांगितले असते. आज तो पाठवायला हात धजत नाही.

मंगळावरच्या सैनिकाचे चिलखत तुपाच्या डब्यांच्या पत्र्याचे होते आणि शिरस्त्राण म्हणजे चक्क बंबाचे झाकण! तुम्ही ते पाहून विचारलेत, "मालू, ह्यो लढाया आलाय का आंघुळीचं पानी तापवाया?" सगळे हसले, मी हसले नाही. अग्निबाण हातभर लांबीचा, लाकडी. धूर त्याच्या शेपटाकडून खाली सुटायला हवा, पण तो वर जातो ही अडचण. म्हणून अग्निबाण उलटा टांगला आणि कॅमेराही उलटा लावला. ती युक्ती माझी. नायकाच्या बंदुकीतले किरण फिल्मच्या एकेका चौकटीवर सुईने ओरखडे काढून उमटवलेले होते.

आणि मंगळाची भूमी? ती तुमची होती.

वैशाखात मी दिग्दर्शकांना घेऊन आले होते. धरणात गेलेल्या खाचरांनंतर तुमच्याकडे जी जमीन उरली, तिच्यात उताराचा एक तुकडा भाजून करडा पडलेला दिसला. शेण, टहाळ, पालापाचोळा यांचे थर रचून तुम्ही नुकताच राब भाजला होता. मी म्हणाले, "हाच आपला मंगळ. जळलेली जमीन आहे, कोणाच्या उपयोगाची नाही." तुमच्या देखत म्हणाले, मामा! तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "घ्या की. पावसाला येळ हाय."

तेव्हाच का बोलला नाहीत?

दोन दिवस हाणामारी चालली. नायक तारेला लटकून उडे, पत्र्याचा सैनिक कोसळे आणि दर खेपेला राखेत पावले उमटत. मी अडून बसले. ज्या ग्रहावर आजवर कोणी पाऊल ठेवले नाही, तिथे आधीचे ठसे कसे? दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "बाई, प्रेक्षक नायकाच्या तोंडाकडे बघतो, पायांकडे नाही." "मी पायांकडे बघते," मी उत्तरले. मग निरगुडीच्या फांद्यांची झाडणी करून तुम्हीच उलट्या पावलांनी राख सारखी करू लागलात. सोळा वेळा! एकदाच विचारलेत, "मालू, आनिक किती येळा गं?"

"बिनचूक होईपर्यंत."

तुम्ही पुन्हा झाडणी उचललीत.

हाच किस्सा मी तेराव्याला, जेवणे उरकल्यावर, ओटीवर सांगत होते. लेखातही तो शेवटी, मानाच्या जागी आहे. पाहुणे हसले. मामी दारात उभ्या होत्या.

"सोळा येळा व्हय?" त्या म्हणाल्या. "मग त्या साली रोप का न्हाई आलं, त्ये बी सांग की समद्यास्नी."

मला प्रश्नच समजला नाही. राब भाजला की काम संपले, अशी माझी समजूत! पदार्थविज्ञान शिकवणारी मी. उष्णता कळत होती, राख कळत नव्हती.

"शिकलेली ना तू?" मामी म्हणाल्या. "त्या राखंतच बी टाकत्यात. निम्मी वाऱ्यानं गेली, निम्मी तू झाडून बांधाला लावलीस. रोपाआधी तणच उठलं. आखाडात तुझं मामा टोपली घिऊन लोकांच्या बांधावर हुबं. कुनाच्या लावणीतनं उरलंसुरलं रोप घावतंय का बघत!"

तुम्ही, मामा? पंगतीत दुसऱ्यांदा भात मागायला संकोचणारे तुम्ही?

"मला कळवले का नाही?" मी विचारले.

"म्या म्हनलं, कळवा तिला. तर म्हनले, पोरीचं काम चांगलं झालंय, आता त्यात खोट कशाला काडायची."

पुढचे ऐकायला मी तयार नव्हते. त्या वर्षी निम्मी खाचरे रिकामी राहिली. घरात बारा महिने नाचणीची भाकरी होती, आणि पिकला तेवढा आंबेमोहर तुम्ही नेहमीप्रमाणे मला धाडलात. पोच देताना मी लिहिले होते (माझी वाक्ये मला पाठ असतात), "या खेपेस कणी फार आहे. कांडताना लक्ष असावे."

ते पत्र तुम्हाला कोणी वाचून दाखवले? वाचताना तो अडखळला का? तुम्ही काय म्हणालात?

रागवायचा हक्क तुमचा होता. तरी एक तक्रार मी करणारच. तुम्ही मला थांबवायला हवे होते. दुसऱ्याच्या चुका हुडकणाऱ्या माणसाला स्वतःची चूक आपसूक दिसत नाही. ती तुम्ही दाखवली असती, तर मी ऐकले असते. निदान तुमचे तरी ऐकले असते.

निघताना मामींना विचारले, यंदाच्या राबाचे काय? टहाळ तोडायला, भारे वाहायला आता घरात माणूस नाही. म्हटले, मी येते. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले.

"ये. पर शिकवाया येऊ नगंस."

मामा, लेखातला तो किस्सा मी नव्याने लिहीन, न उगवलेल्या रोपासकट. माघात रजा घेऊन मुळशीला येईन. मामी सांगतील तसे थर रचीन, सांगतील तेव्हा भाजीन आणि त्यांना विचारल्यावाचून राखेला हात लावणार नाही. आखाडात मामींना कोणाच्या बांधावर उभे राहावे लागणार नाही, हे माझे वचन. आणि लावणी होऊन चार मुठी रोप उरलेच, तर ज्या ज्या बांधावर तुम्ही टोपली घेऊन उभे राहिलात, त्या प्रत्येक बांधावर ते मी स्वतः नेऊन देईन.

तुमची भाची,
मालती