सरळ गोळी, गळ्याची गोळी

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

कांचनकडच्या चार चकल्या कितीला पडल्या? डेटनहून डब्लिनला, ओहायोतल्याच, जाऊन-येऊन अडीच तास. नवा कुर्ता, त्यावर चटणी. आणि डॉक्टरच्या वायोमिंगच्या हरणाची गोष्ट — दोनदा, सुरुवातीपासून. महाग पडल्या!

डॉक्टर म्हणजे सत्यजित. कांचनचा नवरा, माझा साडू. तीस वर्षं लोकांच्या छात्या उघडल्या, आता रिटायर होऊन हरणांमागे लागलाय. "चारशे यार्ड, सुमंतराव! एकच गोळी! सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर म्हणतात तिला. लोण्यात सुरी!" मग पाहुण्यांकडे वळून, "आमचे साडू लॉन्ड्रीवाले. धुलाई त्यांची, शिकार आमची!"

सगळे हसले. मीही हसलो. मी नेहमीच हसतो. हसणाऱ्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मग तो सगळं ऐकतो. ड्रायरच्या ओळीत कुठलं बेअरिंग जाणार ते मला दारातून कळतं. किचनमध्ये डॉक्टर कांचनला हळूच काय म्हणाला, तेही कळलं — "त्याची ती हॉकिंगची जंगलातली जागा फुकट पडलीये. ह्याला बंदूक कुठून धरायची ते तरी माहीत आहे का?"

माहीत आहे. दरवर्षी जातो. सांगत फिरत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

सावनीचा फोन. माझ्या फोनवर! लॉन्ड्री सांभाळायला ये म्हटलं तेव्हापासून पोरगी फक्त आईशी बोलते. पिट्सबर्गला गेली ती गेलीच. आज म्हणाली, "बाबा, या सीझनला तुझ्याबरोबर शिकारीला येऊ? आय वाँट टू लर्न. तुझ्याकडून."

तुझ्याकडून!

लिहून ठेवतो : सावनीचं पहिलं हरीण माझ्या जागेत, मी निवडलेल्या गोळीनेच पडणार. दुसऱ्या कुणाचं ते काम नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

तिच्यासाठी रायफल घ्यायला गेलो. माझी स्वतःची जुनी शॉटगन आहे, ती मला पुरे.

काउंटरवर आधीच एक गिऱ्हाईक होतं. हरणासाठी थ्री-ओ-एट रायफल मागत होतं. पांढऱ्या दाढीचा दुकानदार म्हणाला, "ओहायोत नाही चालणार. इथे स्ट्रेट वॉलच." मी मोज्यांच्या रॅककडे बघत उभा राहिलो आणि कान तिकडे लावले. अर्थ असा — काडतुसाचं नळकांडं बुडापासून तोंडापर्यंत सरळ हवं. पुढे बाटलीसारखा गळा आवळलेला असला, की ओहायोत हरणावर बंदी.

मी पुढे झालो. "म्हणजे क्रीडमोर?"

"गळा आहे तिला. कोल्ह्यावर झाडा, हरणावर नाही."

"नो बॉटल थ्रोट?" मी पुन्हा खात्री केली. दाढीवाल्याने दोन क्षण माझ्याकडे बघितलं. "यस सर. तसंच म्हणा."

एवढा मोठा सर्जन! गाइडच्या मागे वायोमिंगला जाऊन आला, आपल्या राज्याचा कायदा वाचला नाही. गाडीत एकटाच हसलो.

दाढीवाल्याने सावनीसाठी थ्री-फिफ्टी लेजंड सुचवली. सरळ नळकांडं, खांद्याला धक्का कमी. "मुलगी शिकतेय ना? हीच द्या." मी फोर-फिफ्टी बुशमास्टर घेतली. तीही सरळ, पण दांडगी. त्याच्या साडेसहासमोर आपले साडेचारशे! दोन आकडे वेगळ्या मापांचे आहेत, मला कळतं. पण ऐकायला कसं वाटतं!

शनिवार, १५ नोव्हेंबर

सावनीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर. डॉक्टर तिथे आधीच हजर. रुपालीने बहिणीला सांगितलं असणार. बायकोच्या पोटात काही राहत नाही.

पहिल्याच बाराला सावनी कळवळली. "बाबा, खांदा उखडतोय!" म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या बाराला डोळ्यांत पाणी आलं तिच्या. डॉक्टर लगेच, "सुमंतराव, हरीण मारायचंय की रणगाडा?" आणि आपली तिच्या हातात दिली. तीन बार, तीनही मधल्या वर्तुळात. त्या रायफलीचा आवाज कोरडा, चटकन तुटणारा. माझीचा जाड, ढोलासारखा. सावनी हसली. "सत्यजितकाका, हे तर सोपं आहे!"

सोपं आहे म्हणे.

ही बदलून ती लेजंड अजूनही आणता येईल. आणणार नाही. डॉक्टरसमोर तर मुळीच नाही.

निघताना गोड बोललो. "डॉक्टर, एक तारखेला सीझन उघडतोय. माझ्या जागेवर या. तुमचीच रायफल आणा, वायोमिंगची जादू आम्हालाही दिसू दे." काय खुलला! खांद्यावर हात टाकला माझ्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

रुपाली : "भावजींना एवढ्या प्रेमाने का बोलावलंत?" म्हटलं, साडू आहे. मान द्यायला नको?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. सगळे आमच्याकडे. माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसून डॉक्टर सावनीला वारा कसा वाचायचा ते शिकवत होता. मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून! "तुझ्या बाबांचं गणित वेगळं गं. ते सगळं धुण्याच्या कपड्यांसारखं पाव किलो, अर्धा किलोत मोजतात." सावनी खो-खो हसली.

ती हसली नसती तर मी सोडून दिलं असतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फोन केला. अवैध शिकार कळवायला नंबर असतो. नाव द्यावं लागत नाही. सोमवारी पहाटे अमुक रस्त्याला, हरणावर चालत नाही अशी रायफल घेऊन एक माणूस बसणार आहे म्हणून सांगितलं. आवाज नाकातून काढला. नंबर लपवला. पंचेचाळीस सेकंदांत काम! मला ओळखणारा अजून जन्मायचाय.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळचं सगळं क्रमाने लिहितो.

अंधारात ट्रकमधून रायफलींच्या दोन काळ्या पिशव्या उतरल्या. सावनीने एक घेतली, डॉक्टरने दुसरी. ती ओढ्याकडच्या मचाणावर गेली, डॉक्टर वरच्या कुंपणाकडे. मी मध्ये, शॉटगन घेऊन. उजाडलं. दव गोठलेलं होतं. मी हरणाची नाही, गाडीची वाट बघत होतो. गाडी आली. दार हळूच लागलं, तरी ऐकू आलं.

आणि मग बार झाला. ओढ्याकडून. कोरडा, चटकन तुटणारा.

मला तिथल्या तिथे कळलं. मी पळालो. या वयात, बर्फाळ पानांवरून, दोनदा पडलो.

पोचलो तेव्हा सावनी खाली उतरली होती. वन्यजीव खात्याचा ऑफिसर तरुण होता, अदबीने बोलत होता. क्रीडमोर त्याच्या हातात. हरीण हुकलं होतं म्हणून लेखी इशाऱ्यावर निभावलं. पडलं असतं तर केस झाली असती, रायफलही गेली असती.

डॉक्टर वरून धापा टाकत आला. हातात माझी बुशमास्टर! "ऑफिसर, रायफल माझी. तिचा खांदा काळानिळा झाला होता, म्हणून मीच बदलून दिली. कायदा मी वाचायला हवा होता. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." मग माझ्याकडे वळून, मराठीत, "सुमंतराव, सॉरी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिला म्हटलं, बाबांना बोलू नको."

म्हणजे दीड तास तो नियमातली रायफल घेऊन बसला होता, आणि माझी पोरगी—

सावनीने ऑफिसरला विचारलं, तुम्ही नेमके इथेच कसे? तो ओशाळं हसला. टिप आली होती, म्हणाला. सांगणारा एकसारखा बॉटल थ्रोट, बॉटल थ्रोट म्हणत होता. ऑफिसात आधी कुणाला कळेच ना, काय म्हणतोय ते.

डॉक्टरला काही समजलं नाही. सावनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कुठलाही गळा दिसला की इंग्रजीत थ्रोट म्हणणारा एकच माणूस तिला माहीत आहे. लहानपणी तिचा स्वेटर टर्टलनेक होता. मी त्याला टर्टल-थ्रोट म्हणायचो. ती पोट धरून हसायची.

आज हसली नाही. गाडीपर्यंत माझ्यापुढे चालत गेली. दार उघडताना म्हणाली, "इट्स नेक, बाबा. बॉटलनेक."

मंगळवार, २ डिसेंबर

सावनीने फोन उचलला नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

आजही नाही. तिने रुपालीला काहीच सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. डॉक्टरचा फोन मात्र आला — "पुन्हा जायचं का सुमंतराव? मी दुकानातून सरळ गोळीवाली आणतो." किती मोकळा आवाज! मी म्हटलं, कंबर दुखतेय.

चीड अजून जात नाही. त्याने माफी तरी का मागावी? मी मागायच्या आत?

रविवार, ७ डिसेंबर

सीझन संपला. एकही बार काढला नाही. लॉन्ड्रीत सात नंबरच्या ड्रायरचं बेअरिंग गेलं. मला आधी ऐकू आलं नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

रुपालीच्या फोनवर फोटो आलाय. सावनीने हरीण मारलं — पेन्सिल्व्हेनियात, एका गोळीत. शेजारी डॉक्टर उभा आहे. रायफल तीच. त्या राज्यात ती चालते.