भुताचा एकोणिसावा टेक

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी धाकट्या (आणि सध्या मेलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं पथ्य चालू आहे, की तुझी पाठ वळली की मोडतं? माझं विचारशील तर ठीक आहे, पण थकलोय. एकाहत्तराव्या वर्षी माणूस थकतोच म्हणा, पण मी भूत होऊन थकलोय, आणि हे नीट समजावल्याशिवाय तू घर बघायला पाठवलेल्या दातांच्या डॉक्टरांचं काय झालं ते सांगता येणार नाही.

तर, चिरंजीवांनी सिनेमा काढलाय. (नोकरी आहे अजून, नुसती रजा काढलीय.) भीतीचा आणि विनोदी, दोन्ही एकदम. ऑक्टोबरच्या अखेरीस ते हॅलोविन असतं ना, त्या आठवड्यात लोक घरी बसून हौसेने घाबरतात म्हणे, त्यांच्यासाठी. कथा अशी की एक जोडपं घर घेतं, त्यात जुन्या मालकाचं भूत असतं आणि ते जाता जात नाही. बायको म्हणजे आपली सूनबाई, नवरा म्हणजे चिरंजीवांचा एक दाढीवाला मित्र (तोच कॅमेरा सुरू करतो आणि पळत येऊन त्याच्यासमोर उभा राहतो), आणि घर माझं. भूत कोण यावर चर्चा झालीच नाही. सूनबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिठाचा डबा काढला.

मी नऊला झोपतो, म्हणून सिनेमातल्या सगळ्या मध्यरात्री दुपारी बाराला. खिडक्यांना काळी ब्लँकेटं, पंखा बंद (आवाज येतो), चंद्र म्हणून स्टीलचं ताट. धुक्यासाठी माझंच वाफारा घ्यायचं यंत्र, त्यात सवयीने माझ्याच हातून निलगिरीचं तेल पडलं, त्यामुळे भूत आलं की सगळ्यांची नाकं मोकळी होतात. रक्त टोमॅटो सॉसचं आहे आणि मुंग्यांना पत्ता लागलाय. भूत तरंगत यायला हवं, म्हणून मला चाकांच्या खुर्चीत बसवून वर पांढरी चादर घालतात आणि चिरंजीव दोरी ओढतात. परवा जरा जोरात ओढली तर मी थेट बाथरूममध्ये तरंगत गेलो. कंबर अजून धरलेली आहे.

पण खरी पंचाईत आवाजाची. छत्तीस वर्षं बस डेपोत घोषणा केल्या, तो आवाज आता जाणार कुठे? या घरातून कोणीही जिवंत बाहेर पडणार नाही, असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे पर्यायी व्यवस्था जाहीर होईल. (एकदा मी ओघात गैरसोयीबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. चिरंजीवांनी ती ठेवलीय.)

मंगळवारी सव्वाबाराला डॉक्टर सपत्नीक येणार हे, आक्का, मी साफ विसरलो. वय झालं. दार उघडं होतं, घंटीची तार आवाज नको म्हणून काढलेली. दोघं आत आले तर भरदुपारी मिट्ट काळोख, कोपऱ्यात ताटाचा चंद्र, निलगिरीचं धुकं, आणि बोळातून मी संथपणे तरंगत येतोय, हनुवटीला सॉस. तुझी माणसं आहेत, आदरातिथ्य करावं म्हणून मी आपल्या स्पष्ट आवाजात म्हणालो की या, आपलीच वाट पाहत होतो. ज्या माणसापुढे रोज लोक घाबरून तोंड उघडतात, तो स्वतः इतका मोठा आ करू शकतो हे मला माहीत नव्हतं. बाई आधी पोचल्या फाटकापाशी, डॉक्टर मागून, एका बुटावर. घर नको, असा त्यांचा निरोप संध्याकाळी आला. तुला तोंडघशी पाडलं याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा प्रसंग बुधवारी होता. भुताची समजूत पटते, ते दारापाशी येतं, मी निघतो म्हणतं आणि जातं. दोन शब्द! जन्मभर निघण्याच्याच घोषणा केल्या मी. पण दारापाशी गेलं की खुंटीवर हिची छत्री दिसायची (ही जाऊन तीन वर्षं झाली, छत्री मी हलवलेली नाही) आणि आवाजच फुटायचा नाही. एकोणीस टेक झाले. एकोणिसाव्याला चिरंजीव 'कट' म्हणायचंच विसरले. उंबऱ्यावर माझ्याशेजारी येऊन बसले आणि बाहीने माझ्या तोंडावरचं पीठ पुसत म्हणाले, "बाबा, राहू दे. शेवट बदलू." आता भूत घरातच राहतं आणि जोडपं त्याच्यासाठी तिसरा कप चहा टाकतं. दाढीवाल्याच्या मते त्यामुळे भीती पार गेली. मला तरी हायसं वाटलं.

दाजींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा
(तोंड धुऊन)

ता. क. डॉक्टरांचा डावा बूट इथे आहे. ते पळाले तेव्हा कॅमेरा चालूच होता आणि सिनेमात तेवढाच प्रसंग खरोखर भीतीचा झालाय. तो ठेवायला त्यांची परवानगी दाजींनी मिळवून द्यावी, बूट लगेच पाठवतो.

आणखी एक. मंगळवारचं विसरलो असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. छत्तीस वर्षांत मी एकाही गाडीची वेळ विसरलो नाही. कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलं होतं आणि दारही मीच उघडं ठेवलं होतं. तुझ्याकडची मागची खोली चांगली आहे, ऊन येतं, तू मायेने बोलावतेस हेही कळतं. पण मला हे घर सोडायचं नाही, आक्का. एवढं सांगायला चार पानं लागली.

आणि शेवटचं. एवढं वाचूनही दुसरं गिऱ्हाईक पाठवणारच असशील, तर एक दिवस आधी कळव. मेकअपला दीड तास लागतो.